यकृताचा विषाणु आणि रक्तांतील साखर

इजिप्त देशास आपलीं जुनीं माणसें मिसर म्हणत. त्या देशाच्या सरकारनें इ. स. २०१८ च्या ऑक्टोबरांत एक अवाढव्य काम हातीं घेतलें. देशांतील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाच्या बोटांतून रक्ताचा एक थेंब घ्यावयाचा आणि हिपॅटायटिस सी नांवाच्या यकृतरोगाची लागण त्यास झाली आहे कीं काय, हें जागच्या जागीं पाहावयाचें, असा तो संकल्प होता. एप्रिल २०१९ अखेर, म्हणजे अवघ्या सात महिन्यांत, जवळजवळ पांच कोटि माणसांची तपासणी पुरी झाली. बावीस लाखांच्या रक्तांत त्या रोगाची खूण सांपडली. त्यांतील जे पुढच्या बारीक तपासणीस आले, त्यांच्यापैकीं दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगीं विषाणु अद्याप नांदत असल्याचें दिसून आलें. मानवजातीच्या इतिहासांत एका रोगासाठीं इतक्या थोड्या अवधींत इतकीं माणसें क्वचितच तपासलीं गेलीं असतील.

या मोहिमेंत आणखी एक गोष्ट केली गेली. ज्या टेबलापाशीं यकृतरोगाचा थेंब घेतला जाई, तेथेंच रक्तांतील साखर मोजली जाई, रक्तदाब पाहिला जाई, आणि उंची व वजन यांचीहि नोंद होई. यांत सरकारचा हेतु सोयीचा होता; माणूस एकदां दारांत आलाच आहे, तर त्याचे इतर रोगहि पाहून घ्यावे, एवढाच. परंतु विषाणु आणि साखर यांच्या तपासण्या अशा शेजारीं शेजारीं मांडल्या गेल्या, त्यांत नकळत एक औचित्य साधलें गेलें होतें. कारण हिपॅटायटिस सी हा विषाणु ज्याच्या यकृतांत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतो, त्याला मधुमेह जडण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक असतो, असें गेल्या तीस वर्षांतील संशोधनानें दाखविलें आहे. यकृत कोठें आणि साखर कोठें, असें सामान्य माणसास वाटणें साहजिक आहे. म्हणून हा संबंध कसा उघडकीस आला, तो कितपत खरा मानावा, आणि रोग्याच्या दृष्टीनें त्याचा उपयोग काय, हें थोडें सविस्तर पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम या विषाणूची ओळख. आपल्याकडे ‘कावीळ’ या एका शब्दांत अनेक रोग कोंबले जातात. पावसाळ्यांत दूषित पाण्यानें जी कावीळ पसरते, ती बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. ती येते, डोळे पिवळे करते आणि बहुतेक रोग्यांत आपण होऊन जाते. ती आपण होऊन जाते म्हणूनच गळ्यांत माळ घालणाऱ्यांची आणि नाकांत रस पिळणाऱ्यांची कीर्ति आजवर टिकून राहिली आहे. बी आणि सी हे विषाणु निराळ्या जातीचे. सी हा रक्तावाटे पसरतो. ताटांतून, पाण्यांतून किंवा शेजारीं बसल्यानें नव्हे. लागण झालेल्या शंभरांपैकीं सरासरी तीस माणसांचें शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला हुसकून लावतें. उरलेल्या सत्तरांच्या यकृतांत तो कायमचा बिऱ्हाड करून राहतो. यालाच जुनाट किंवा चिरकालीन हिपॅटायटिस सी म्हणतात. या अवस्थेंत बहुतेकांना कावीळ दिसत नाहीं. थोडा थकवा, क्वचित् भूक मंदावणें, याहून अधिक कांहीं लक्षण नसतें. वीस वर्षें अशीं निघून जातात, आणि तेवढ्या काळांत शंभर रोग्यांपैकीं पंधरा ते तीस जणांचें यकृत निबर होऊन आक्रसूं लागतें. या निबरपणाला सिऱ्होसिस म्हणतात. पुढें त्यांतल्या कांहींना यकृताचा कर्करोग होतो.

असा हा चोरपावलांनीं वावरणारा विषाणु शास्त्रज्ञांना सुद्धां फार दिवस सांपडला नव्हता. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हार्वे ऑल्टर व त्यांचे सहकारी रक्त चढविल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहाचा शोध घेत होते. ए आणि बी या दोन्ही विषाणूंच्या तपासण्या तोंवर निघाल्या होत्या. तरीहि पुष्कळ रोग्यांत या दोहोंपैकीं एकहि सांपडेना. तेव्हां त्या रोगास ‘ए नव्हे आणि बी नव्हे’ असें नांव देऊन वेळ मारून न्यावी लागली. नकारावरून नामकरण करण्याचा असा प्रसंग शास्त्रावर विरळाच येतो. इ. स. १९८९ मध्यें मायकेल हॉटन आणि त्यांच्या सोबत्यांनीं विषाणूच्या जनुकद्रव्याचा एक तुकडा हुडकून काढला आणि त्या अनामिकास ‘सी’ हें नांव मिळालें. पुढें १९९७ त चार्ल्स राइस यांनीं हा विषाणु एकटाच रोग उत्पन्न करण्यास समर्थ आहे, हें सिद्ध केलें. ऑल्टर, हॉटन व राइस या तिघांना इ. स. २०२० चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

इजिप्तमध्यें हा रोग इतका कां माजला, याची हकीगत शोचनीय आहे. नील नदीच्या कालव्यांत एक जातीच्या गोगलगायी असतात. त्यांच्यांत वाढणारे सूक्ष्म कृमि पाण्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्याच्या कातडींतून शरीरांत शिरतात. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरास हा कृमि इ. स. १८५१ मध्यें कैरो येथें सांपडला. त्याच्या नांवावरून या व्याधीस बिलहार्झिया म्हणतात. लघवींतून रक्त जाणें हें त्याचें ठळक चिन्ह. या पुरातन पीडेचें उच्चाटन करावें या सद्हेतूनें विसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपर्यंत तेथें लक्षावधि लोकांना अँटिमनीच्या क्षाराचीं इंजेक्शनें शिरेंतून देण्यांत आलीं. एकेका रोग्यास अशीं दहाबारा वेळां टोंचून घ्यावें लागे. पिचकाऱ्या कांचेच्या, त्या पुन्हां पुन्हां वापरल्या जात आणि प्रत्येक वेळीं पुरेशा उकळल्या जात नसत. कृमि मारण्यासाठीं भरलेल्या पिचकारींतून एका गांवकऱ्याचा विषाणु दुसऱ्या गांवकऱ्याच्या रक्तांत जात राहिला. त्या वेळीं या विषाणूचें अस्तित्वच कोणास ठाऊक नव्हतें. पुढें तोंडानें घ्यावयाच्या गोळ्या निघाल्या आणि तीं इंजेक्शनें बंद पडलीं; पण तोंवर बीं पेरलें गेलें होतें. इ. स. २००८ च्या एका देशव्यापी पाहणींत १५ ते ५९ वर्षें वयाच्या लोकांपैकीं शेंकडा १४.७ जणांच्या रक्तांत या रोगाची खूण आढळली. एवढें प्रमाण जगांतील दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या देशांत नव्हतें. त्याच इजिप्तमध्यें प्रौढांत मधुमेहहि फार आहे, हें येथेंच लक्षांत ठेवावें.

आतां साखरेकडे वळूं या. जेवणानंतर आंतड्यांतून जी साखर रक्तांत उतरते, ती प्रथम यकृताच्या दारावरून जाते. यकृत हें शरीराचें कोठीघर होय. भरतीच्या वेळीं तें साखर सांठवून ठेवतें, आणि रात्रीं माणूस उपाशी निजलेला असतां मेंदूची गैरसोय होऊं नये म्हणून सांठ्यांतली थोडी थोडी साखर रक्तांत सोडीत राहतें. आंत घ्यावी केव्हां आणि बाहेर सोडावी केव्हां, याचा हुकूम स्वादुपिंडांतून निघतो. त्या हुकुमाचें नांव इन्शुलिन. स्नायूंनाहि हाच हुकूम लागू असतो. तो मिळाला म्हणजे ते रक्तांतील साखर ओढून घेतात आणि जाळतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत, ज्यास डॉक्टर लोक ‘टाइप टू’ म्हणतात, इन्शुलिन अजिबात नसतें असें नाहीं. आरंभीं तर तें नेहमींपेक्षां अधिकच असतें. परंतु यकृत आणि स्नायु तें जुमानीनासे होतात. हुकुमास दाद मिळेना म्हणून स्वादुपिंड पुन्हां पुन्हां आणि मोठ्यानें हुकूम सोडतें, आणि असें कांहीं वर्षें चाललें म्हणजे तेंहि थकतें. मग रक्तांत साखर चढूं लागते.

या सर्व व्यवहारांत यकृताचें स्थान इतकें मध्यवर्ती असल्यामुळें सिऱ्होसिस झालेल्या रोग्यांत मधुमेह पुष्कळदां आढळतो, ही गोष्ट जुन्या डॉक्टरांनाहि माहीत होती. कोठीघरच ढांसळल्यावर जमाखर्च बिघडावयाचाच, असें म्हणून ते विषय सोडून देत. इ. स. १९९४ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज येथें मात्र एक वेगळीच गोष्ट नजरेस आली. यकृताचें रोपण करण्यासाठीं तपासलेल्या सिऱ्होसिसच्या शंभर रोग्यांची नोंद पाहतां, ज्यांचा रोग हिपॅटायटिस सीमुळें झाला होता त्यांच्यांत मधुमेह शेंकडा पन्नास जणांना होता. ज्यांचें यकृत दुसऱ्या कारणांनीं निकामी झालें होतें त्यांच्यांत तो अवघ्या नवांना होता. यकृत दोन्हीं पक्षांचें सारखेंच निबर. मग हा फरक कशाचा? यकृत बिघडलें म्हणून साखर बिघडली, एवढ्या उत्तरानें काम भागणार नव्हतें. पुढें बी विषाणूच्या रोग्यांशीं तुलना केली असतांहि पारडें सीच्याच बाजूला झुकलें.

त्यानंतर इ. स. २००० त अमेरिकेंतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. देशांतील सर्वसाधारण लोकांतून निवडलेल्या ९८४१ प्रौढांचें रक्त तींत तपासलें होतें. चाळिशी उलटलेल्या माणसांत, सी विषाणूची लागण असलेल्यांना टाइप टू मधुमेह असण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ पावणेचारपट निघाला. पहिल्या प्रकारचा, म्हणजे बहुधा लहानपणींच जडणारा, मधुमेह मात्र वाढलेला नव्हता.

येथें चिकित्सक मनास एक शंका येते, आणि ती यावयासच पाहिजे. मधुमेह्यास जन्मभर सुया टोंचून घ्याव्या लागतात. रुग्णालयांत त्याच्या खेपा अधिक, रक्त काढणें अधिक, इंजेक्शनें अधिक. इजिप्तची हकीगत नुकतीच सांगितली. तेव्हां विषाणूमुळें मधुमेह होतो, कीं मधुमेहाच्या उपचारांत विषाणु अंगीं शिरतो? दोन माणसें एकत्र दिसलीं एवढ्यावरून कोण कोणाच्या घरीं आला, हें ठरत नाहीं.

या शंकेचें निरसन करावयाचें तर मधुमेह होण्याच्या आधींचें रक्त हवें. सुदैवानें अमेरिकेंत हृदयरोगाच्या अभ्यासासाठीं ४५ ते ६४ वर्षें वयाच्या हजारों लोकांचें रक्त पूर्वींच घेऊन गोठवून ठेवलें होतें, आणि पुढें त्यांची प्रकृति कित्येक वर्षें पाहिली जात होती. त्यांतील ज्यांना आरंभीं मधुमेह नव्हता, अशांपैकीं एक हजारांवर लोकांचें तें जुनें रक्त तपासून इ. स. २००३ त निष्कर्ष मांडण्यांत आला. तो मोठा बोधप्रद आहे. वय आणि वजन पाहतां ज्यांना मधुमेहाचा धोका मुळांतच अधिक होता, त्यांच्यांत सी विषाणु असलेल्यांना पुढील नऊ वर्षांत मधुमेह जडण्याचा संभव अकरापटींहून अधिक निघाला. उलटपक्षीं ज्यांना असा धोका कमी होता, त्यांच्यांत विषाणूमुळें कांहींच वाढ दिसली नाहीं. अर्थात् विषाणु आधीं आणि मधुमेह नंतर, हा क्रम स्पष्ट झाला. परंतु त्याबरोबरच असेंहि दिसलें कीं, विषाणु सरसकट सर्वांना मधुमेही करीत नाहीं. जो आधींच कड्याच्या टोंकाशीं उभा आहे, त्यालाच तो लोटतो.

निरनिराळ्या देशांतील अनेक पाहण्या एकत्र करून इ. स. २००८ मध्यें जो हिशेब मांडला गेला, त्यांत हा वाढीव धोका सरासरीनें पावणेदोनपटीच्या आंतबाहेर ठरला. तथापि विरुद्ध पुरावाहि लपवून ठेवतां कामा नये. इ. स. २०१४ मध्यें अमेरिकेंतील तशाच सर्वसाधारण लोकांच्या नव्या पाहणीचा अहवाल आला. पंधरा हजारांवर माणसें तींत होतीं. त्यांत हिपॅटायटिस सी आणि मधुमेह यांचा कांहींच संबंध आढळला नाहीं! ज्यांच्या रक्तांत यकृतदाहाच्या खुणा होत्या, त्यांच्यांत मात्र साखरेचा बिघाड अधिक दिसला. पहिल्या पाहणींतल्या पावणेचारपटीच्या आंकड्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा चांगलाच तडाखा होता. तरीहि सर्व पुरावा एकत्र घेतां संबंध नाकारतां येत नाहीं. रोगी किती वयाचे, किती स्थूल, यकृत किती निबर, यांवर तो पुष्कळ अंशीं अवलंबून असावा, आणि म्हणूनच सगळ्या लोकसंख्येची सरासरी काढली कीं तो विरून जात असावा, हाच अर्थ त्यांतल्या त्यांत समंजस दिसतो.

पाहण्यांनीं एवढें सांगितलें. पण विषाणु नेमकें करतो काय? यासंबंधीं जपानांत झालेलें काम फार सुंदर आहे. टोकियो येथील संशोधकांनीं विषाणूच्या केवळ एका प्रथिनाचें जनुक उंदरांच्या यकृतांत घातलें. हें प्रथिन म्हणजे विषाणूचा गाभा. उंदरांना लागण नाहीं, यकृतदाह नाहीं, चरबी चढण्यापूर्वींचीच अवस्था. तरीहि ते इन्शुलिनला दाद देईनासे झाले. त्यांच्या यकृतांत दाह उत्पन्न करणारें टीएनएफ नांवाचें द्रव्य वाढलेलें आढळलें, आणि त्या द्रव्याचा निरोध करणारें औषध टोंचतांच उंदरांची इन्शुलिनविषयींची आज्ञाधारकता परत आली. हा अहवाल इ. स. २००४ चा. त्याच सुमारास पेशीच्या आंतला प्रकारहि उलगडूं लागला. इन्शुलिन हें पेशीच्या आंत शिरत नाहीं. तें बाहेरून दाराची कडी वाजवितें, आणि आंत उभा असलेला एक प्रथिनरूपी निरोप्या तो हुकूम पुढें पोंचवितो. विषाणूच्या गाभ्यामुळें पेशींत असें एक द्रव्य वाढतें कीं, तें या निरोप्यावर नाशाची खूण करतें, आणि पेशीची सफाईयंत्रणा त्यास केर समजून मोडून टाकते. दारावर कडी वाजत राहते. आंत ऐकून पुढें जाणारा गडीच नाहीं.

याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, कांहीं रोग्यांत बारकाईनें मोजमाप केलें तेव्हां इन्शुलिनची खरी अवज्ञा यकृतापेक्षां स्नायूंत अधिक आढळली. विषाणूचें ठाणें यकृतांत आणि बंड स्नायूंत! सुजलेल्या यकृतांतून निघणारीं दाहक द्रव्यें रक्तावाटे दूरवर पोंचून स्नायूंनाहि बहिरे करीत असावींत, असा तर्क आहे. शिवाय विषाणूच्या तिसऱ्या जातींत यकृतपेशींत चरबी सांठविण्याची खोड विशेष असते. इजिप्तमधील बहुतेक रोगी चौथ्या जातीचे. हिंदुस्थानांत मात्र तिसऱ्या जातीचें प्राबल्य आहे, हें येथील डॉक्टरांनीं व रोग्यांनीं विसरूं नये.

विषाणु मधुमेहास हात देतो, तसा मधुमेहहि विषाणूचें काम सोपें करतो. दोन्हीं रोग एका शरीरांत असले म्हणजे यकृत अधिक वेगानें निबर होतें आणि कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्वींच्या उपचारांतहि याचा प्रत्यय येई. त्या वेळीं इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें सहा महिने किंवा वर्षभर घ्यावीं लागत. ताप, अंगदुखी, मनाची खिन्नता, हे त्यांचे परिणाम असे कीं कित्येक रोगी उपचार अर्ध्यावर टाकीत. एवढें सोसूनहि बरे होणारे निम्म्याच्या आसपास. आणि ज्यांचें शरीर इन्शुलिनला जुमानीत नसे त्यांच्यांत तर यश आणखी कमी, असें स्पेनमधील डॉक्टरांनीं इ. स. २००५ त दाखविलें. मात्र ज्यांचा विषाणु नाहींसा झाला, त्यांना पुढें मधुमेह होण्याचें प्रमाण दोनतृतीयांशांनीं घटलें, हें जपानांतील सुमारें अठ्ठावीसशें रोग्यांच्या नोंदींवरून इ. स. २००९ मध्यें दिसून आलें. कारण दूर केल्यानें कार्य कमी झालें. न्यायशास्त्राच्या दृष्टीनें हा पुरावा सामान्य नव्हे.

इ. स. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हें औषध अमेरिकेंत मान्य झालें आणि चित्र पालटलें. बारा आठवडे गोळ्या, इंजेक्शन नाहीं, त्रास बेताचा आणि शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे. प्रारंभीं अमेरिकेंत या बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. इजिप्तनें घासाघीस करून तीच औषधें ९०० डॉलरांत मिळविलीं. पुढें देशांतच औषध बनूं लागल्यावर वर वर्णन केलेल्या मोहिमेच्या वेळीं एका रोग्याच्या संपूर्ण औषधाचा खर्च सुमारें ४५ डॉलरांवर आला. औषध तेंच, रोग तोच. किमतींतली ही तफावत पाहून कोणाहि विचारी माणसास अस्वस्थ वाटेल.

या गोळ्यांनीं साखरेवर काय परिणाम होतो? अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मधुमेह व हिपॅटायटिस सी हे दोन्हीं रोग असलेल्या २४३५ जणांच्या नोंदी तपासून इ. स. २०१७ मध्यें उत्तर देण्यांत आलें. ज्यांची साखर आधीं चढलेली होती आणि ज्यांचा विषाणु पुरता गेला, त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा एचबीएवनसीचा आंकडा जवळजवळ एकानें उतरला. ज्यांचा विषाणु गेला नाहीं त्यांच्यांतहि उतार होता, पण तो सुमारें पाऊण टक्क्याहून कमी. विषाणु गेलेल्यांपैकीं इन्शुलिन टोंचून घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४१ वरून ३८ वर आलें. म्हणजे लाभ खरा, परंतु माफक. यकृत बरें झालें म्हणून मधुमेह पळाला, अशी आशा कोणीं बाळगूं नये. शंभरांत तिघांचें इन्शुलिन सुटलें, अडतिसांचें चालूच राहिलें.

मात्र या माफक लाभांतच एक धोका दडलेला आहे, आणि घरच्या माणसांनीं तो जाणून घेणें अवश्य आहे. विषाणु हटूं लागला कीं शरीर इन्शुलिनला पुन्हां दाद देऊं लागतें. पण रोगी आपला मधुमेहाचा जुनाच डोस घेत असतो. मग साखर एकाएकीं उतरून घाम सुटणें, हातापायांस कंप, डोळ्यांपुढें अंधारी, क्वचित् शुद्ध हरपणें, असे प्रकार घडतात. या गोळ्यांच्या माहितीपत्रकांतहि आतां ही सूचना छापलेली असते. म्हणून यकृताचा उपचार चालू असतां, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, साखर नेहमींपेक्षां अधिक वेळां मोजावी, आणि यकृताच्या व मधुमेहाच्या डॉक्टरांना एकमेकांचीं औषधें कळलीं पाहिजेत. शहरांत हे दोन डॉक्टर बहुधा दोन निराळ्या इस्पितळांत बसतात आणि दोघांचे कागद रोग्याच्या पिशवींत एकमेकांची तोंडओळख न होतां पडून राहतात.

दुसरा फसवा प्रकार वर सांगितलेल्या एचबीएवनसीचाच. ही तपासणी तांबड्या रक्तपेशीला चिकटलेली साखर मोजते, आणि तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते हें तिचें गृहीतकृत्य आहे. सिऱ्होसिसमध्यें प्लीहा वाढते आणि ती तांबड्या पेशी अकालींच मोडूं लागते. रिबाव्हिरिन नांवाचें जें औषध कांहीं रोग्यांना गोळ्यांबरोबर दिलें जातें, त्यानेंहि पेशी फुटतात. पेशी अल्पायुषी झाल्या म्हणजे त्यांच्यावर साखर चढण्यास वेळच मिळत नाहीं, आणि आंकडा खोटाच सुरेख दिसतो. कागदावर मधुमेह आटोक्यांत आणि प्रत्यक्षांत साखर चढलेली, अशी ही स्थिति. अशा रोग्यांत उपाशीपोटीं व जेवणानंतर प्रत्यक्ष मोजलेल्या साखरेवरच अधिक विश्वास ठेवावा लागतो. तसेंच यकृत फार खालावलेलें असल्यास मधुमेहाच्या कांहीं गोळ्या शरीरांत सांचून राहतात. त्यामुळें शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्यालाहि मानवेल हा हिशेब येथें मुळींच चालत नाहीं. आणि ज्यांना सिऱ्होसिस झालेला आहे, त्यांनीं विषाणु गेल्यानंतरहि दर सहा महिन्यांनीं यकृताची सोनोग्राफी करून घेण्याचें सोडतां कामा नये. कर्करोगाचा धोका उणावतो, संपत नाहीं.

आपल्या देशापुरतें पाहिलें तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें इ. स. २०२२ मध्यें हिंदुस्थानांत सुमारें ५५ लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस सी होता. साऱ्या जगांत पांच कोटि. मधुमेहाबद्दल तर सांगावयासच नको. तो सुशिक्षितांच्या घरोघर पाहुणा नव्हे, कुटुंबीय होऊन राहिला आहे. केंद्र सरकारनें २८ जुलै २०१८ रोजीं यकृतदाहाच्या विषाणूंविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्या अन्वयें सरकारी केंद्रांत तपासणी व औषधें मोफत मिळतात. तरीहि अनेकांना आपण रोगी आहों याची वार्ताच नसते. रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची होण्यापूर्वीं ज्यांना रक्त चढविलें गेलें, ज्यांचें मूत्रपिंडाच्या विकारासाठीं डायलिसिस चालतें, ज्यांनीं कधीं काळीं साध्या तापासाठींहि उकळलेल्या-न उकळलेल्या सुईचीं इंजेक्शनें घेतलीं, किंवा ज्यांच्या यकृताचे आंकडे कारण न सांपडतां चढलेले राहतात, अशा मधुमेह्यांनीं एकदां ही तपासणी करून घेणें शहाणपणाचें. तपासणीचे टप्पे दोन. पहिली प्रतिपिंडाची, ती विषाणु कधीं तरी येऊन गेला एवढेंच सांगते. ती सकारात्मक आली तर दुसरी, प्रत्यक्ष विषाणूच्या जनुकद्रव्याची. पहिलीच्या निकालावरून घाबरून जाऊन दुसरी न करणारे लोक कमी नाहींत.

घरांत साखर मोजण्याचें जें लहान यंत्र असतें, त्यासंबंधीं एक शब्द. यंत्र घरांतील चौघांनीं वापरावें. पण बोट टोंचण्याची सुई, किंवा ती बसविलेली लेखणीसारखी नळी, एकाची दुसऱ्यानें कदापि वापरूं नये. अशा सामाईक नळ्यांतून यकृताचे विषाणु पसरल्याचीं उदाहरणें परदेशांतील वृद्धाश्रमांतून नोंदलीं गेलीं आहेत. तीं मुख्यतः बी विषाणूचीं असलीं, तरी सीचा मार्ग तोच आहे. वस्तऱ्याचें पातें आणि दांत घासण्याचा ब्रश यांनाहि हाच नियम. बी विषाणूवर लस आहे; सीवर आजतागायत नाहीं.

इजिप्तला ऑक्टोबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरील सुवर्णश्रेणी दिली. तो मान मिळविणारा तो जगांतील पहिला देश. लोकसंख्येंतील रोगाचें प्रमाण शेंकडा दहावरून ०.३८ वर आलें होतें. नील नदीच्या कांठच्या ज्या खेड्यांत एके काळीं एकाच पिचकारीनें रांगच्या रांग टोंचली जाई, तेथले वृद्ध शेतकरी आतां यकृतरोगाच्या गोळ्या संपवून बसले आहेत. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या उशाशीं मधुमेहाच्या गोळ्यांची डबी मात्र अजून आहे, आणि तेथील डॉक्टर आतां तिचा हिशेब ठेवीत आहेत.